दामले साहेबांचं मत

बंगला लाइनीत कोणी कोणाला नाही म्हणत नाही. ते असभ्य समजलं जातं. भाड्याचं घर विचारायला माणूस आला की त्याला आधी व्हरांड्यात बसवतात, पाणी देतात, मग पूर्ण नाव विचारतात. नाव पसंत पडलं नाही की मालक कपाळाला हात लावून म्हणतो, "अरेरे, कालच गेलं हो." माणूस हळहळतो आणि पाणी पिऊन परत जातो. फाटकाबाहेर गेल्यावर त्याला आठवतं की "भाड्याने देणे आहे" ही पाटी अजून तिथंच आहे.

मी या लाइनीतले चार बंगले सांभाळतो. मालक पुण्याला, नागपूरला आणि एक तर थेट ऑस्ट्रेलियात. किल्ल्या माझ्याकडे असतात. भाडेकरू शोधणं, कौलं फेरणं, वाळवी मारणं, मालकांना फोनवर घर फिरवून दाखवणं ही माझी कामं. यवतमाळात असे बंगले दुसरीकडे नाहीत. कापसाचा धंदा करणाऱ्या गोऱ्या साहेबांनी ते बांधले, असं सगळे सांगतात. छत इतकं उंच आहे की पंख्याची हवा खाली पोचेपर्यंत लाइट जाते.

"कालच गेलं" या वाक्यात एकच अडचण आहे. काही लोक विचारतात, "कोणाला?" सुरुवातीला मी अडखळायचो. मग मी दामले तयार केले. सदाशिव दामले, वय अठ्ठावन्न, बँकेत, बदलीवर आलेले. पत्नी नाही, कुत्रं नाही, मुलगी कॅनडात, स्वतः शुद्ध शाकाहारी. दामल्यांचं नाव घेतलं की समोरचा माणूस पुढं काही बोलत नसे. अशा भाडेकरूशी कोण स्पर्धा करणार? दोन वर्षांत दामल्यांनी माझे चारही बंगले आळीपाळीनं भाड्यानं घेतले.

मला या कामावर इंदुताईंनी ठेवलं. चार नंबरचा बंगला त्यांचा. वय चौऱ्याहत्तर, आता पुण्याला मुलाकडे असतात आणि रोज अकरा वाजता फोन करतात. तीन वर्षांपूर्वी व्हरांड्यात बसवून त्यांनी मला पाणी दिलं आणि पूर्ण नाव विचारलं.

"संजय भावसिंग पवार," मी म्हणालो. भावसिंग जरा पटकन म्हणालो.

"पवार म्हणजे कुठले?"

"दारव्ह्याकडचे."

"वा! म्हणजे आपल्यातलेच. घरी शेती असेल."

मी हसलो.

शेती होती, तेवढं खरं. पाच एकर, सोयाबीन आणि तूर. पण ती दारव्ह्यात नव्हती, दारव्ह्याच्या पुढं आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर होती, आणि पवार आमच्यातही असतात. त्यांच्यातले पवार वेगळे, आमच्यातले वेगळे. हे त्यांना सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी ते मिनिट हसण्यात घालवलं. खोटं असं काहीच बोललो नाही. पण तीन वर्षं ते हसू मी सांभाळतोय आणि चारही बंगल्यांपेक्षा देखभाल त्यालाच जास्त लागते. मोटारखान्यावरची खोली मला राहायला दिली आहे. तिथं याडीचा, म्हणजे आईचा, फोन आला की मी न्हाणीत जातो, नळ सोडतो आणि मग आमच्या बोलीत बोलतो. याडीला वाटतं, मी दिवसातून तीन वेळा आंघोळ करतो. तांड्यावर माझ्या स्वच्छतेचं कौतुक आहे.

ऑगस्टात पुष्पाचा फोन आला. पुष्पा माझी चुलत बहीण, रोज तांड्यावरून येऊन यवतमाळात एका लॅबमध्ये रक्त काढते. तिची आई म्हणजे जमनी काकी. माझे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे ते होळीच्याही पुढं परतायचे. तेवढे महिने मी काकीकडे असायचो, पहिलीपासून दहावीपर्यंत. म्हणजे मी अर्धा काकीनं वाढवलेला आहे. कोणता अर्धा ते माहीत नाही, पण त्यातल्या त्यात बरा असेल तो तिचाच.

काकीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा सरकारी दवाखान्यात डायलिसिस. पहाटे तांड्यावरून दारव्हा, तिथून जीपनं यवतमाळ, चार तास मशीनवर, आणि पुन्हा तोच रस्ता उलटा. मशीनवरून उतरलं की तिचं बीपी खाली जायचं. दोनदा ती जीपमध्येच बेशुद्ध पडली. दवाखान्याजवळ घर घ्या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. असा प्रवास हिला फार दिवस झेपणार नाही. आमची लाइन दवाखान्यापासून पायी दहा मिनिटं.

"संजू," पुष्पा म्हणाली, "तुह्या त्या म्हातारीच्या बंगल्यातल्या समोरच्या दोन खोल्या खाली आहे म्हन्ते."

"गेल्या," मी म्हणालो.

मी विचार करायच्या आत माझी जीभ म्हणाली. तिला सवय होती.

"कोनाले?"

"दामले म्हणून आहेत. बँकेतले. शुद्ध शाकाहारी."

"थो काय खाते, मी कुठं इचारलं?"

"नाही, आपलं सांगितलं."

"मी येते. त्याईले हात जोडून एक खोली मागते. एकटा मानूस दोन खोल्याचं काय करते?"

दामल्यांबद्दल एवढा व्यावहारिक प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ती रविवारी येणार होती. शनिवारी मी बाजारातून पुरुषाच्या चपला आणल्या, नऊ नंबर. व्हरांड्यातल्या तारेवर एक बनियन आणि एक पंचा वाळत घातला. वर्तमानपत्र अर्धं उघडून खुर्चीवर ठेवलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण मला काम नीट करायची खोड आहे. मी पाटी रंगवून आणली: "स. वि. दामले". वि म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं.

रविवारी पुष्पा फाटकाशी आली. पाटी वाचली, चपला पाहिल्या.

"घरी नाहीत," मी म्हणालो. "देवळात गेलेत."

"खरंच राह्यते की बाप्पा," ती म्हणाली. "मले वाटलं, तू टाळून राह्यला." मग तिला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. "राग नको मानू. आईच्या पायी डोकं जाग्यावर नाही माह्यं."

ती माझी माफी मागून गेली. मी बनियन काढून घडी करून ठेवली.

पाटी मात्र राहिली, आणि तिचा परिणाम लाइनीवर झाला. पाच नंबरला किसनराव राहतात, भिंतीला भिंत. निवृत्त वकील, लाइन जतन समितीचे अध्यक्ष. सोमवारी सकाळी भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, "दामले म्हणून कोनी आले म्हन्ते?"

"हो साहेब."

"सांगाचं नाही का बे आमाले?"

बुधवारी ते म्हणाले, "काल पाह्यलं मी तुह्या दामल्याले. फिराले निघालते. चांगला उंच मानूस आहे."

तोपर्यंत मी दामल्यांची उंची ठरवलीच नव्हती. दोन नंबरच्या बाईंनी त्यांची पेटी ऐकली होती. त्यांच्या मते हात जरा जड होता, पण सुरात होता. वयस्कर माणसांना खोटं कसं ठरवायचं?

मग किसनरावांनी दामल्यांचा नंबर मागितला. मी माझ्या दुसऱ्या फोनचा दिला. दामले लाइनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले. रोज सकाळी सहा दहाला ते शुभ सकाळ म्हणत. गाडी कोणाच्या फाटकासमोर लावायची यावरून एक आणि तीन नंबरचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. त्यात दामल्यांनी एकच ओळ लिहिली: "दोन्ही बाजू समजून घ्याव्यात असे वाटते." ग्रुप शांत झाला. इतकं समतोल कोणी कधी लिहिलं नव्हतं. मला स्वतःला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता आणि तोही दामल्यांनीच नेला.

इंदुताई पुण्यातून ग्रुप वाचत होत्या. अकराचा फोन आला.

"संजय, अरे हे दामले आपल्या घरात कधी आले?"

"ताई, ते… 'कालच गेलं' म्हणतो ना, त्यातले दामले."

त्या हसायला लागल्या, इतक्या की ठसका लागला. "अरे देवा! तो तू आहेस? राहू दे, राहू दे. पाटीही असू दे. कोणीबोणी विचारायला तरी येणार नाही. मुलाचं या घराबद्दल काय ठरतं ते ठरेपर्यंत चांगल्या माणसानं घर राखलेलं बरं."

म्हणजे घर रिकामं होतं, किल्ली माझ्या खिशात होती आणि मालकीणबाई खूश होत्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात समितीनं भाडेकरूंसाठी छाननी मंडळ नेमलं. लाइनीत कोणीही घुसू नये, जुनं वळण टिकावं, म्हणून. सदस्य तीन: किसनराव, दोन नंबरच्या बाई आणि दामले साहेब. मी जन्माला घातलेला माणूस आता कोणी इथं राहावं ते ठरवणार होता. अभिनंदनाचे चौदा मेसेज आले. मी चौदा जणांचे आभार मानले.

मंडळाकडे पहिलाच अर्ज आला तो पुष्पाचा.

किसनरावांच्या बंगल्याला मागच्या अंगणात दोन खोल्या आहेत. फाटकावरची पाटी पुष्पानं दवाखान्यातून जाताना पाहिली होती. मला न विचारता ती सरळ आत गेली, पाणी प्याली, पूर्ण नाव सांगितलं. मंडळाचा छापील अर्ज भरून दिला. पूर्ण नाव, मूळ गाव, आहार, वाहन, वाद्य वाजवता का.

किसनराव संध्याकाळी भिंतीवर आले. "पोरगी चांगली आहे बे. लॅबमधी आहे, लवून बोलते. माय आजारी आहे तिची. पवार आहे, दारव्ह्याची. तुह्या वळखीतली तं नाही?"

"दारव्हा मोठं आहे साहेब," मी म्हणालो.

दारव्हा अजिबात मोठं नाही.

"म्या तं हो म्हनलं. बाईबी हो म्हन्ते. आता दामले साहेबाचं मत आलं का किल्ली देऊन टाकू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारखान्याच्या जिन्यावर बसून मी दुसरा फोन हातात घेतला. मंडळाच्या ग्रुपवर पुष्पाच्या अर्जाचा फोटो होता. अक्षर शाळेत होतं तसंच, गोल. खाली किसनरावांचा अंगठा, बाईंचा अंगठा. एक अंगठा दाबायचा होता. त्याला शब्दसुद्धा लागत नव्हता.

मला काकी भिंतीपलीकडे दिसायला लागली. आरसे लावलेला फेटिया, म्हणजे आमच्याकडचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिनं आयुष्यात दुसरा वेश घातलेला नाही आणि हळू आवाजात बोललेली नाही. ती सकाळी अंगणात उभी राहणार आणि अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल असं आमच्या बोलीत ओरडणार, "ए संज्या, बाटी खादो कांई?" जेवलास का, एवढंच. मग किसनराव भिंतीवरून माझ्याकडे बघणार. मग अकराचा फोन येणार. "आपल्यातलेच" म्हणाल्या होत्या त्या. त्यांना दुसरं काही वाटणारही नाही कदाचित. हसतील, ठसका लागेल. पण तेवढं "कदाचित" माझ्या पोटात मावेना.

आता मी दामल्यांना काहीही बोलायला लावू शकत होतो. ते माझेच होते. त्यांचं वय मी ठरवलं, आहार मी ठरवला, मुलगी मी कॅनडात पाठवली. पण मी फोन हातात धरून विचार केला तो असा: दामले काय म्हणतील? आणि दामल्यांचा स्वभाव मला माहीत होता. ते हो म्हणाले नसते.

मी लिहिलं: "कुटुंब सज्जन असेल याबद्दल शंका नाही. तथापि घरात रुग्ण असल्याने तांड्यावरून नातेवाइकांची सतत ये-जा राहील, व ते लाइनीच्या शांततेस पोषक ठरणार नाही असे वाटते. क्षमस्व. – स. वि. दामले."

शुद्धलेखन दोनदा तपासलं.

किसनरावांचं उत्तर लगेच आलं. "तांडा? हे माहीत नव्हते. वेळेवर लक्षात आणून दिल्याबद्दल आभार." बाईंनी आपला अंगठा काढून घेतला. आणि किसनराव वकील असल्यामुळे त्यांनी "कालच गेलं" असं तोंडी सांगितलं नाही. दामल्यांचं मत त्यांनी जसंच्या तसं पुष्पाला पाठवून दिलं.

गुरुवारी तीनच्या सुमाराला फाटक वाजलं. पुष्पा होती आणि तिच्या खांद्याला धरून काकी. काकीच्या दंडाला कापूस आणि चिकटपट्टी होती. मशीनवरून नुकतीच उतरली होती. एवढी रोड झाली होती की फेटियाच तिला सावरून उभा आहे असं वाटत होतं.

"दामले साहेबाले भेटाचं आहे," पुष्पा म्हणाली.

"नाहीत. बाहेर गेलेत."

"कवा येते?"

"सांगता येत नाही."

"तं बसतो आमी," काकी म्हणाली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. "मी सोता बोलतो त्याच्यासंग. म्हनन, बाबू, मी जास्त दिवस नाही राह्यत, कायले घाबरतं? ये-जा कोन करते माह्याकडं? पोट्टे सारे पुन्याले."

मी आत जाऊन पाणी आणलं. दुसरं काय करायचं ते सुचेना. काकीनं ग्लास घेतला, एकच घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात धरला आणि गिळला. ग्लास परत दिला. "मोजून असते मले पानी," ती म्हणाली. "पन थंड आहे. बरं केलं."

मग ती इकडंतिकडं पाहत बसली. बंगला तिला आवडला होता. खांब पाहिले, कौलं पाहिली. मग बाजूच्या मोरीकडं तिचं लक्ष गेलं, आणि तिथंच राहिलं.

"संज्या, हा तुहा साहेब आंघोळ नाही करत काय बे?"

"कायले?" माझ्या तोंडून गावाकडचं निघालं.

"मोरीच्या तोंडात तरोटा उगवला. फुलावर आला पाह्य."

ती हसली. आधी खरंच हसली, माणसाच्या घाणेरडेपणाला हसतात तशी. मी पाहिलं तर खरंच, मोरीच्या तोंडाशी गुडघ्याएवढा तरोटा, म्हणजे टाकळा, होता, पिवळी फुलं, बुडाशी मुंग्यांचं वारूळ. मी चपला आणल्या, बनियन आणली, पाटी रंगवली, पण माणूस राहतो म्हणजे पाणी वाहतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकीचं हसू हळूहळू थांबलं. तिनं व्हरांड्यातल्या चपलांकडं पाहिलं. तळाला मातीचा कण नव्हता.

पुष्पानं फोन काढला आणि तो मेसेज पुन्हा वाचला, ओठ हलवत.

"मी फारमात दारव्हा लिवलं होतं," ती म्हणाली. "वकील साहेबालेबी दारव्हाच सांगतलं. तांडा म्हनून मी कोनापाशी बोललीच नाही."

मी ग्लासकडं पाहत होतो.

"मंग याले कोनं सांगतलं, संजू?"

मी काही बोललो नाही. दामलेही काही बोलले नाहीत.

काकीनं पुष्पाच्या हातावर हात ठेवला. "उठ," ती म्हणाली. "जीप जाईन."

तेवढ्यात फाटकावर काठी वाजली. किसनराव फिरायला निघाले होते. पुष्पाला पाहून थबकले.

"अहो बाई, तुमी इथं? दामले साहेबावर दबाव आनाले आल्या काय? सज्जन मानूस आहे थो. लेखी मत देल्लं आहे त्याईनं." मग माझ्याकडं वळले. "आनं हे म्हातारी कोन आहे बे? तू वळखतं याईले?"

काकी पायरीवरून उठायचा प्रयत्न करत होती. एका हातानं खांब धरला होता, दुसरा हात नुसताच हवेत होता. लहानपणी मी पडलो की तो हात कुठूनही यायचा.

"काकी आहे माही," मी म्हणालो. "सख्खी."

तीन वर्षांत पहिल्यांदा मी लाइनीत एक खरं वाक्य बोललो आणि ते तांड्याच्या आवाजात बोललो. किसनरावांच्या भुवया वर गेल्या. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं.

"नाही साहेब," काकी म्हणाली. एवढा हळू आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "हा पोरगा कोनालेबी काकी म्हन्ते. उन्हात चक्कर आली मले, तं इथं बसवलं यानं, पानी पाजलं. आमी नाही वळखत त्याले."

"साहेब, खरंच सांगतो…"

"कळलं बे, कळलं," किसनराव म्हणाले आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "संस्कार लागते बाप्पा याले. कोनाची कोन बाई, आनं सख्खी काकी म्हन्ते. हे असते घरानं." मग पुष्पाकडं पाहून म्हणाले, "पाह्यलं बाई? आमची लाइन अशी आहे. तुमाले उगाच वाटते आमी वाईट आहो." आणि काठी टेकत पुढं गेले. संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी माझ्यावर एक परिच्छेद लिहिला. छत्तीस लोकांनी हात जोडले.

काकी आणि पुष्पा दारव्हा स्टँडकडं चालायला लागल्या. मी मागून निघालो, दहा पावलं अंतर ठेवून, त्याच बाजूला काम असलेल्या माणसासारखा. दहा मिनिटांचा रस्ता काकीला पाऊण तास लागला. दर विजेच्या खांबाशी ती थांबायची. ती थांबली की मीही थांबायचो आणि दुकानांच्या पाट्या वाचायचो. पुष्पानं एकदाही मागं पाहिलं नाही.

जीप भीमसिंगची होती. तो शेजारच्या तांड्यावरचा, मला लंगोटात असल्यापासून ओळखतो. बारा माणसं आधीच आत होती. त्यानं दोघांना उठवून काकीला खिडकीशी जागा करून दिली आणि मग मला पाहिलं.

"अरे संज्या! काकीले सोडाले आला काय बे?" तो सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाला. "पाहा लेकहो. पोरगं असावं तं असं. सायबाच्या बंगल्यात राह्यते, पन माणसं नाही इसरला."

आतल्या लोकांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली, "देव भलं करो." मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं पिशवीत हात घालून एक पेरू काढला आणि खिडकीतून माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला. घ्यायला नको होता.

"भीमसिंगभाऊ," मी म्हणालो, "मी काकीले घर नाही देल्लं."

"आं?"

"घर खाली होतं. किल्ली माह्याजवळ होती. दामल्याले देल्लं म्हनून सांगतलं. दामले कोनीच नाही. पाटी म्याच लावली. मंग तिले दुसरीकडं भेटत होतं, तं थेबी म्याच नाही भेटू देल्लं."

मी हे इतक्या जोरात बोललो की शेजारच्या जीपमधल्या दोघांनी वळून पाहिलं.

"यवतमाळले भाड्याचं घर भेटनं कठीनच आहे," ती बाई म्हणाली.

"दामले कोन?" कोणीतरी विचारलं.

"मालक असन."

"मालक लोक असेच राह्यते बाप्पा."

"मनाले नको लावू लेका," भीमसिंग म्हणाला आणि त्यानं माझा खांदा थोपटला. "तू तं नोकर मानूस. तुह्या हातात काय आहे?"

पेरूवाला म्हातारा म्हणाला, "खा, खा. गोड आहे."

काकीनं डोळे मिटले होते. डोकं खिडकीच्या कडेला टेकलं होतं. मी तिच्याकडं पाहत होतो, तिनं एकदा डोळे उघडावेत म्हणून. उघडल्यावर मी काय करणार होतो ते माहीत नव्हतं.

"नाही भाऊ," पुष्पा म्हणाली.

ती समोर पाहूनच बोलली, रक्ताची बाटली कोणत्या पेशंटची ते सांगतात तशी.

"त्याच्याच हातात होतं. त्यानंच नाही देल्लं."

भीमसिंगचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्यानं उचलला, कुठं ठेवावा ते न कळून आपल्याच पँटला पुसला, आणि जाऊन गाडी सुरू केली. आता माझ्याकडं कोणी पाहत नव्हतं. सगळे जण पुष्पाच्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहत होते.

जीप हलायच्या आत मागच्या खिडकीतून म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला, तळवा वर करून. मला आधी कळलं नाही. मग मी पेरू परत दिला.